खालचा तुकडा

केर्तूने नुकत्याच कापलेल्या भूर्जाच्या खुंटाशेजारी बूट टेकवला. खुंट तिच्या घोट्याच्या बराच वर येत होता.

“हा खुंट आहे की बसायचं स्टूल?”

एन्सिओने झुडपं कापायचा ब्रश कटर बंद केला आणि हेल्मेटची जाळी वर सरकवली. “काय म्हणालीस?”

“म्हटलं, थकलास तर बसायची सोय छान केलीस. एवढा खुंट ठेवलास तर पुढच्या वर्षी याला दहा फांद्या फुटतील. भूर्ज आहे हा, तुझ्या गाडीतलं पुस्तक नाही, एकदा मिटलं की मिटलं.”

एन्सिओने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि तो खुंट जमिनीलगत कापला. कापताना त्याने गुडघे वाकवले, कंबर मात्र ताठ ठेवली. तेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. काम करतोय की राजदरबारात मुजरा, असं तिच्या मनात आलं.

तीन हेक्टरांत पाइनची रोपं लावली त्याला आठ वसंत झाले होते. लावली होती केर्तू आणि तिचा नवरा ओल्ली, दोघांनी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ओल्ली गेला आणि नंतर त्या जागेत कुणी पाऊल टाकलं नाही. भूर्ज, अस्पेन, रोवन, जे जे आपोआप उगवतं ते सगळं माजलं. आता भूर्ज पाइनच्या दीडपट उंच झाले होते आणि वारा सुटला की त्यांच्या फांद्या पाइनचे शेंडे झोडपून काढत होत्या. यंदा साफ केलं नाही तर पाइन संपला, असं वनखात्याच्या माणसाने सांगितलं होतं. केर्तूचा स्वतःचा खांदा गेला होता. मजूर ऑगस्टपर्यंत मिळत नव्हता. तेव्हा ओल्लीचा धाकटा भाऊ एन्सिओ फोनवर म्हणाला, मी येतो.

एन्सिओने तीस वर्षं फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली होती. केर्तूच्या लेखी ते काम नव्हतंच. बसून चाक फिरवायचं, म्हाताऱ्यांच्या हातात कादंबऱ्या द्यायच्या आणि त्यांच्याकडची कॉफी प्यायची. सासरी कुणी त्याचं नाव काढलं की ती नाकाने हसत असे. ओल्ली दोन माणसांचं काम करायचा. हा अर्ध्या माणसाचंही करत नव्हता. प्रत्येक पाइनपाशी थांबायचा, भूर्जाच्या फांद्या हाताने बाजूला करायचा, वाकून बघायचा, मगच पातं लावायचा.

“त्यांची नावं विचारतोयस का?” तिने बुधवारी बांधावरून ओरडून विचारलं.

“पाइन कापला जायला नको.”

“ओल्लीने आयुष्यात एक पाइन कापला नाही. आणि त्याला थांबावंही लागलं नाही.”

यावर एन्सिओ तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग त्याने जाळी खाली ओढली.

शुक्रवारी दुपारी तो अंगणात आला आणि काम झालं म्हणाला. केर्तूने खिडकीतून पाहिलं. वरचा उतार मोकळा झाला होता. पाइन एकेकटे, सुटे उभे होते, अजून बिचकल्यासारखे. पण खाली दलदलीच्या कडेला भूर्जाची हिरवी भिंत तशीच होती.

“आणि तो खालचा तुकडा?”

“तिथं काही नाही, केर्तू. मूस हरणानं खाल्ली सगळी रोपं. कापून उपयोग नाही.”

“सगळी?”

“सगळी.” त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला.

“अर्धा हेक्टर आहे तो. ओल्लीने एकट्याने लावलाय. मी वर लावत होते, तो खाली. चार दिवस रोज सकाळी रोपांचे ट्रे घेऊन जायचा आणि संध्याकाळी रिकामे परत आणायचा. हजार रोपं. आणि तू म्हणतोस मूसनं खाल्ली. डास चावत असतील तिथं, ते सांग की.”

“डासही आहेत,” एन्सिओ म्हणाला.

“तू त्याचा भाऊ आहेस यावर माझा कधी विश्वासच बसला नाही.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कॉफीसुद्धा न घेता तो पाहुण्यांच्या खोलीत गेला.

शनिवारी सकाळी केर्तूने कोयता घेतला आणि ती खाली उतरली. डाव्या हाताने का होईना, दहा-वीस भूर्ज तोडून दाखवायचेच, असं तिने ठरवलं होतं. भिंतीच्या आत शिरल्यावर तिने आधी पाइन शोधले. मूस शेंडा खातो, फांद्या ओरबाडतो, साल सोलतो, पण खोडाचा दांडा मागे राहतो. असा एकही दांडा दिसेना. रोपासाठी माती उकरून केलेले उंचवटे होते, ओळीने होते, शेवाळलेले. त्यांच्यावर भूर्ज होते, गवत होतं. पाइन नव्हता. कधी असल्याची खूणही नव्हती.

दलदलीच्या अगदी काठाशी एक जुना स्प्रूस मुळासकट आडवा झाला होता. त्याच्या मुळांखालच्या खड्ड्यावर भूर्जाच्या ताज्या फांद्या टाकलेल्या होत्या. पानं अजून पुरती सुकली नव्हती. या बाजूला तर एन्सिओने काही कापलंच नव्हतं, मग त्या इथे कशा, हे तिला कळेना. तिने त्या एकेक करून ओढून काढल्या.

खाली पाइन होते. तीस-चाळीस तरी असतील, बोटाएवढ्या जाडीचे, एकमेकांत अडकलेले, उजेडाकडे मान काढून वेडेवाकडे वाढलेले. तिने एक खेचला. तो तीन शेजाऱ्यांना घेऊन वर आला. मुळांना अजून ट्रेमधल्या कप्प्याचा आकार होता. खाली हात घातला तर मुळा-मातीच्या तसल्याच गोळ्यांचा थर लागला, एकावर एक, कुजलेला, कोपरापर्यंत.

केर्तू खड्ड्याच्या कडेला बसली.

त्या वसंतात ओल्ली संध्याकाळी घरी यायचा आणि सौनाच्या बाकावर आडवा व्हायचा. पाण्याची बादली तिला उचलावी लागायची. तिसऱ्या दिवशी तो बाकाचा आधार घेऊन उठला, तेव्हा तिने विचारलं होतं, काय झालं. पाठ, तो म्हणाला होता. आणि ती हसली होती. ‘पाठ दुखते म्हणे! मग जा, तुझ्या भावाच्या गाडीत बसून पुस्तकं वाट.’ चौथ्या दिवशी तो उजाडताच ट्रे घेऊन निघाला. शरदात डॉक्टरांनी त्याच्या पाठीचा फोटो काढला, तेव्हा तीन मणके कर्करोगाने पोखरले गेले होते. हे किती महिने चाललं असेल, असं डॉक्टरांनी विचारलं. ओल्लीने केर्तूकडे पाहिलं आणि म्हणाला, आत्ताच सुरू झालं.

डासांनी तिची मनगटं लाल केली होती. तिने ते झटकले नाहीत. बऱ्याच वेळाने ती उठली. उपटलेले पाइन तिने पुन्हा खड्ड्यात ठेवले आणि एन्सिओने टाकलेल्या फांद्या होत्या तशा वर पसरल्या.

ती अंगणात पोचली तेव्हा एन्सिओ गाडीत सामान भरत होता. पेट्रोलचा डबा आत गेला होता. ब्रश कटर दाराला टेकून उभा होता आणि एन्सिओ एक हात गाडीच्या टपावर ठेवून त्याच्याकडे नुसता बघत होता. तिच्या गुडघ्यांना लागलेला काळा चिखल त्याला दिसला. त्याने मान वळवली.

“पाठ कशी आहे तुझी?” केर्तूने विचारलं.

“ठीक आहे.”

ती तिथेच उभी राहिली.

“दुखते,” तो म्हणाला. “मंगळवारपासून.”

“मग सांगायचं नाही का?”

एन्सिओने यंत्राचा खांद्याचा पट्टा उचलला, नीट गुंडाळला आणि सीटवर ठेवला. ती पुढे झाली, ब्रश कटरचा इंजिनाकडचा जड भाग तिने आपल्या धड हाताने धरला आणि तो दुसरं टोक धरेपर्यंत वाट पाहत राहिली.