मालकाने मध्ये बोलायचं नाही

विष्णुपंतांनी आपलं घर विकायला देण्याच्या करारपत्रावर मालक म्हणून सही केली आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. तीन महिने दुसऱ्या दलालाला घर द्यायचं नाही. मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणलं तरी दोन टक्के दलाली द्यायची. घर दाखवताना मालकाने मध्ये बोलायचं नाही. सगळी कलमं त्यांचीच. अंबरनाथमध्ये वीस वर्षं घरांची दलाली करताना त्यांनी ती कितीतरी मालकांकडून लिहून घेतली होती. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेला लीलाराम त्यांच्याच हाताखाली हा धंदा शिकला होता.

"पंत, अजून विचार करा," लीलाराम कागद घेत म्हणाला. "स्वतःच विकलंत तर दलाली वाचेल."

"दोनदा करून पाहिलं. स्वयंपाकघरापाशी आलो की पुढे शब्दच फुटत नाही."

लीलारामने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पंतांच्या पत्नीच्या, कुमुदिनीबाईंच्या तेराव्याला पंगतीत पाणी त्यानेच वाढलं होतं.

रविवारी काडेपेटीच्या कारखान्यातला एक कारकून बायकोला घेऊन आला. पंत ठरल्याप्रमाणे ओसरीवर गप्प बसून राहिले. लीलाराम नवऱ्याला विहीर दाखवायला मागे घेऊन गेला. कारकुनाची बायको कुंदा एकटीच आत फिरून आली.

"चूल बरेच दिवस पेटलेली दिसत नाही. इथे कोणी राहत नाही का हो?"

पंत दोन्ही वेळा स्टेशनजवळच्या खानावळीत जेवत.

"नाही," ते म्हणाले. "रिकामंच आहे."

"तुम्हीही दलालच का?"

"हो."

एवढं बोलून ते उठले. "या, नीट दाखवतो."

ते सरळ स्वयंपाकघरात गेले.

"ही पूर्वेची खिडकी. सकाळी ऊन थेट चुलीपर्यंत येतं. फडताळाचं दार नुसतं ओढू नका, जरा वर उचला. मालकीणबाई भाजी निवडायला इथे बसायच्या. फाटकात कोण आलं ते बसल्या जागेवरून दिसतं. माणूस येताना दिसला की चहाचं आधण ठेवायच्या."

लीलाराम मागच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याने त्यांना थांबवलं नाही.

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे," कुंदा म्हणाली.

"धंद्यात ठेवावी लागते माहिती."

नवऱ्याने किंमत फार ताणली नाही. बयाणा लीलारामच्या हातात ठेवून तो निघाला. पंत दोघांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. चार पावलं पुढे गेलेली कुंदा परत आली.

"मालक भेटले तर एवढं सांगाल? घर आम्ही नीट ठेवू म्हणावं."

"सांगतो," पंत म्हणाले.