पाटलांची पोर

मागच्याच आठवड्यात शाळेच्या वादविवादात मी पहिली आले, तेही माइकशिवाय! त्यामुळे तुरुंगातल्या मुलाखतीच्या खिडकीत काचेपलीकडे पप्पा दिसले आणि मी फोनवर खणखणीत "जय भीम, पप्पा!" ठोकलं.

पप्पांनी दचकून मागे बघितलं. नशीब, सगळ्याच खिडक्यांवर आरडाओरडा चालला होता.

"हळू गं, क्रांती. इथे नमस्कार म्हण."

"का?"

"बराकीत हरियाणावाले वेगळे, बिहारवाले वेगळे. जो एकटा, त्याची वळकटी संडासाच्या दाराशी. आता मी आपल्या मराठी माणसांत आहे. सगळे माजी फौजी. एकत्र जेवतो, पंख्याखाली झोपतो."

खरंच, गाल भरले होते. ऑफिसच्या केसमध्ये आत गेल्यापासून दर मुलाखतीला नुसते रडायचे. आज चक्क हसले यार!

"मग प्रॉब्लेम काय?"

"त्यांना आडनाव पाटील सांगितलंय. हजेरीला नुसतं आपलं आणि बापाचं नाव, 'दादाराव वल्द गुणवंत', असं पुकारतात, म्हणून खपलं. आपल्यातला एक पोरगा होता आधी. आडनाव कळलं आणि त्याचं ताट वेगळं झालं. मग वळकटीही."

माझ्या तोंडात दहा मुद्दे तयार होते, बिल्कुल क्रमवार. शेजारी उभ्या आईने माझा दंड दाबला.

इतक्यात शेजारच्या खिडकीवरचे एक मिशाळ काका आपलं बोलणं संपवून पप्पांच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे आमचे महेशदादा," म्हणत पप्पांनी त्यांच्या हातात फोन दिला.

"काय गं वाघिणी, नाव काय तुझं?"

"क्रांती."

"नुसतं क्रांती? पूर्ण सांग की!"

त्यांच्या खांद्यावरून पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा आवाज स्टेजवरच्यासारखाच निघाला.

"क्रांती दादाराव पाटील!"

"शाब्बास! पाटलांची पोर शोभतेस. पुढच्या वेळी धाकट्यालाही आण. तुझा बाप रोज त्याचंच कौतुक सांगतो."

पप्पांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. आमचा धाकटा चार वर्षांचा. मेट्रोत कुणी नुसतं 'बेटा' म्हटलं, तरी छाती पुढे काढून पूर्ण नाव सांगतो: बुद्धभूषण दादाराव गजभिये.

पप्पांनी फोन परत घेतला. महेशदादा बाजूलाच उभे होते.

"त्याला नका आणू," पप्पा म्हणाले. "लहान आहे. घाबरेल."

कान लावून ऐकत असलेल्या आईने माझ्या हातातून फोन घेतला. "बरं," एवढंच म्हणाली.

"केवढा झालाय गं?"

"एवढा," म्हणत आईने कमरेपाशी हात धरला. मध्ये खिडकीचा कट्टा येत होता. पप्पा टाचा उंच करून काचेतून खाली बघत राहिले.