‘लेट डाउन’चे दोन अर्थ

मी कात्री. शिंपीकामाची, हाताला जड, थोरलीच्या टेबलावर उजव्या बाजूला पडलेली.

भट्टीत तापून, घणाचे ठोके खाऊन माझी दोन पाती घडली आणि एका खिळ्यानं त्यांची जन्माची गाठ बांधली. थोरलीच्या सासऱ्यांनी मला दुकानात आणलं. त्यांची बोटं थरथरायला लागली तेव्हा मला सुनेच्या हातात देत म्हणाले, "सूनबाई, हिची धार तुझ्या रागापेक्षा तेज आहे. जपून." थोरली लाजून हसली होती.

सासरे गेल्यावर दोघी जावांनी दुकान सांभाळलं. थोरली मापं घेणार, कापणार, शिवणार. धाकटी गिऱ्हाइकांशी बोलणार, कारण बरीच गिऱ्हाइकं इंग्रजी बोलायची. थोरलीला ते शिकायची फार हौस.

"'टेक' म्हणजे घेणं ना गं? मग 'टेक इन'?"

"कमरेत आत घ्यायचं. घट्ट करायचं."

"आणि 'टेक अप'?"

"उंची कमी करायची."

"मग 'टेक ऑफ'?"

"विमान उडतं ते. नाहीतर अंगातले कपडे काढायचे."

"अगंबाई! एका 'टेक'चे संसार तरी किती!"

धाकटी खो खो हसायची. मग कोणीतरी गिऱ्हाईक यायचं आणि पुढचं शिकवणं राहून जायचं. "तुम्ही कशाला डोकं शिणवता, जाऊबाई? मी आहे ना."

पण त्या दिवशी ती नव्हती. दाढ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेली होती. एक आजोबा नातीला घेऊन आले. पोर चारेक वर्षांची, अंगात घोट्यापर्यंत लोळणारा फिकट पिवळा फ्रॉक. फ्रॉकच्या तळाशी निळ्या फुलांची ओळ, हातानं भरलेली. टाके जरा वेडेवाकडे होते, पण जीव ओतून घातलेले.

"हर मदर मेड इट," आजोबा म्हणाले. "शी पास्ड अवे."

'मदर' थोरलीला कळलं. 'पास'ही कळलं. पोरीची आई कसलीशी परीक्षा पास झाली असणार! ती तोंडभर हसली. "व्हेरी गुड!"

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "टेक इट अप नाऊ. लेट इट डाउन लेटर."

उंची कमी करायची, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण हे 'लेट डाउन' काय? तिनं मनाशी जुळवाजुळव केली. डाउन म्हणजे खाली, लेट म्हणजे सोडणं. म्हणजे खालचं सोडून द्यायचं, कापून टाकायचं. गुडघ्याखाली टाचण्या लावून तिनं विचारलं, "येस?" आजोबांनी मान हलवली. तिनंही हलवली.

ते गेल्यावर ती कितीतरी वेळ फुलांवरून बोट फिरवत बसली. "एवढं सुंदर काम कापायचं?" असं स्वतःशीच पुटपुटली. धाकटीला विचारावं म्हणून फोन उचलला आणि परत ठेवला. "हसेल मेली. म्हणेल, राहू द्या, मी बघते."

मग तिनं मला उचललं.

मी बोथट असते तर कापडात अडकले असते, तिला दुसरा विचार सुचला असता. पण धार नुकतीच लावून आणलेली. लोण्यातून जावी तशी मी त्या कापडातून गेले. छान कापल्याचा मला आनंदही झाला होता, हे अजून डाचतं.

आजोबा फ्रॉक न्यायला आले तेव्हा धाकटी मागे इस्त्री करत होती. त्यांनी फ्रॉकची कड उलटी करून पाहिली, पुन्हा पाहिली. "यू हॅव लेट अस डाउन," ते हळूच म्हणाले.

ओळखीचे शब्द ऐकून थोरलीचा चेहरा उजळला. "येस, येस! लेट डाउन!" तिनं चिंध्यांच्या टोपलीतून फुलांची पट्टी काढून उत्साहानं पुढे धरली.

आजोबा मटकन स्टुलावर बसले. धाकटी बाहेर आली, त्यांच्याशी दोन शब्द बोलली आणि तिचा चेहरा उतरला.

"जाऊबाई, कापायचं नव्हतं हो. आत दुमडायचं होतं. पोर वाढेल तशी दुमड उसवून फ्रॉक लांब करायचा, त्याला लेट डाउन म्हणतात. फुलं पुढे बाहेर येणार होती."

"मग आत्ता ते काय म्हणाले?"

"माणसाला म्हटलं की अर्थ वेगळा. आम्ही भरवसा ठेवला आणि तुम्ही तो मोडलात, असं."

"आणि मी येस म्हटलं?" थोरलीनं हातातली पट्टी खाली ठेवली. "त्या दिवशी आईचं काय सांगत होते? पास..."

"पास्ड अवे. वारली ती."

थोरलीनं टेबलाची कड घट्ट धरली. "मी व्हेरी गुड म्हटलं गं."

"चूक माझीही आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही विचारायचात आणि मी हसण्यावारी न्यायचे. थांबा, मी सांगते त्यांना."

"नको. माझं मी सांगते." ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. "आय नॉट अंडरस्टँड. आय सेड येस. सॉरी. मदर... सॉरी."

आजोबांनी फ्रॉक पुन्हा तिच्या हातात दिला. तिनं पट्टी धाग्याला धागा लावून जोडली आणि मग आत दुमडली. आजोबा पोरीला घेऊन आले तेव्हा पोरीनं फ्रॉक घातला, कड उलटली, फुलं बघितली आणि नेमकी जोडावर नखं फिरवली. कोणाला दिसू नये म्हणून थोरलीनं डोळे फोडून घातलेले टाके तिला क्षणात सापडले. तिनं आजोबांकडे पाहिलं.

"डोन्ट बीट युअरसेल्फ अप," आजोबा जाताना थोरलीला म्हणाले.

ती दचकून मागे सरली. "मारीन म्हणतात?"

"नाही हो. स्वतःला मारत बसू नका म्हणतात." धाकटीला हसू फुटलं, आणि थोरली पदरानं डोळे पुसू लागली.

आता थोरली प्रत्येक गिऱ्हाइकाला हातानं दाखवायला लावते. काही जण वैतागतात. धाकटी मात्र अर्थ नीट सांगितल्याशिवाय जागची हलत नाही. मला थोरली कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कापायच्या आधी ती मला उघडून क्षणभर तशीच धरते, तेव्हा माझाही जीव टांगणीला लागतो.

तुम्हीही कधी न कळता मान डोलावत असाल, तर बाबांनो, एकदा विचारून घ्या. कोणी हसलं तर हसू दे. मी मिटले की मग काही विचारून उपयोग नसतो.

ती पोर आता वाढली असेल. फ्रॉक लांब करायला आजोबा आमच्याकडे येतील की दुसरीकडे जातील, कोण जाणे. दुकानाचं दार वाजलं की थोरली आधी पोरीच्या उंचीला बघते, आणि मग मान वर करते.