डबल क्लच आणि बाची झोप

डबल क्लच हे शब्द कुणी काढले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि औलाद बरहिलच्या आमच्या टॅक्सी स्टँडवर दुसरा विषयच निघत नाही. पाऊस पडला नाही, बदामाचं पीक गेलं, कुणाची बायको माहेरी गेली, बोलणं कुठूनही सुरू झालं तरी पुदिन्याच्या दुसऱ्या चहाला गाडी डबल क्लचवरच येऊन थांबते. आजकालच्या पोरांना एका गिअरला दोनदा क्लच दाबता येत नाही म्हणे. आजकालची पोरं गिअर टाकत नाहीत, कोंबतात म्हणे.

आमच्या स्टँडचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक आहे. नवा ड्रायव्हर आला की स्टँडवरच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला शेजारी बसवायचं आणि तिझी न'तेस्तचा घाट उतरायचा. म्हाताऱ्याने डोळे मिटून बसायचं. खाली पोचेपर्यंत तो झोपून राहिला तर ड्रायव्हर पास. गिअर बदलताना गचका बसून त्याचे डोळे उघडले तर नापास, मग तुमच्याकडे सरकारी लायसन्स असो नाहीतर खुद्द देवाची चिठ्ठी. घाटात ज्याचा पॅसेंजर झोपतो तोच ड्रायव्हर, असं आमच्याकडे म्हणतात.

सगळ्यात जुना ड्रायव्हर म्हणजे माझा बाप, इद्दर. आणि नापास झालेली मी, रकिया.

लायसन्स माझ्याकडे होतं. टॅक्सी चालवायचं वेगळं कार्डही मी काढलं होतं. बाच्या डाव्या गुडघ्याची पार वाट लागली होती, टॅक्सी कुणीतरी चालवायला हवी होती, आणि घरात मीच होते. मला दुसरं काही नको होतं, त्या टॅक्सीची चावी हवी होती. म्हणून वसंतात आम्ही घाट उतरलो. बा शेजारी डोळे मिटून. अर्ध्या घाटात, एका अवघड वळणावर, मी तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि बाने डोळे उघडले.

"गचका बसला," तो म्हणाला.

बसला नव्हता. माझ्या मागेच एक पॅसेंजर बाई सुजलेली दाढ धरून बसली होती, तिने हूं की चूं केलं नाही. दाढदुखीच्या माणसाला गचका सगळ्यात आधी कळतो. पण बाईला विचारतो कोण? खाली आल्यावर बाने स्टँडवर सांगून टाकलं, "पोरगी डबल क्लच मारत नाही. कसं व्हायचं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मग माझा आत्तेभाऊ बिही बसला. त्याने प्रत्येक वळणावर क्लच दाबला, न्यूट्रल केला, सोडला, रेस दिली, पुन्हा दाबला, मग गिअर टाकला. बँडबाज्याशिवाय निघालेली वरात नुसती. बा खाली पोचेपर्यंत घोरत होता. उन्हाळा संपला की चावी बिहीकडे, असं ठरलं.

डबल क्लच म्हणजे काय ते मला माहीत नाही असं नाही. बाकडे पूर्वी जुनी जर्मन डिझेल होती, पुढे दोन आणि मागे चार पॅसेंजर कोंबायची. तिचा गिअरबॉक्स इतका झिजलेला की डबल क्लच न मारता दुसरा टाकला तर आतून दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. तिथे ते लागायचंच. बाच्या मांडीला मांडी लावून बसून मी लहानपणीच ते शिकले. आजही डोळे मिटून करून दाखवीन. पण आमची आताची गाडी नवी आहे. तिच्या गिअरबॉक्समध्ये पितळी कडी असतात, दातांचा वेग तीच जुळवून घेतात. आपण फक्त रेसचा हलका टेकू द्यायचा, क्लच एकदाच दाबायचा. दोनदा दाबून मिळतं काय? उतारावर, वळणाच्या तोंडाशी, गाडी नको तेवढा वेळ गिअरमधून सुटलेली राहते, एवढंच. मी हे स्टँडवर सांगितलं तर हमूकाका, आमचा नंबर लावणारा, म्हणाला, "आली उंटावरची शहाणी." सगळे हसले. बासुद्धा हसला. ते हसणं मला जास्त लागलं.

उन्हाळा संपत आला तेव्हा बाला मराकेशच्या डॉक्टरकडे जायचं होतं. बिही सोबत येणार होता, पण कुणाच्या तरी लग्नात नाचून आडवा झाला होता. म्हणून मी गेले. टॅक्सी बाच चालवत होता, मागे पॅसेंजर. घाट चढताना मी सवयीने त्याच्या पायांकडे बघत होते. गुडघा दुखतोय का ते बघायला, दुसरं मनात काही नव्हतं.

वळण आलं. तिसऱ्यातून दुसरा. डावा पाय एकदा खाली गेला, एकदा वर आला.

मला वाटलं माझं चुकलं. पुढचं वळण आलं. एकदाच. त्याच्या पुढचं, एकदाच. मागे सगळे डोलत झोपले होते. माझे कान तापले.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो. पॅसेंजर पाय मोकळे करायला गेले. मी ग्लास हातात न घेताच विचारलं, "बा, क्लच किती वेळा दाबलास?"

"कुठे?"

"सगळीकडे. चढताना."

तो चहावर फुंकर मारत बसला. "गुडघा दुखतो गं."

"गुडघ्याचं सांगू नकोस. मला खरं सांग."

"या गाडीला लागत नाही," तो म्हणाला. सरळ, जणू मी मीठ लागतं का विचारलं होतं. "आली तेव्हापासून लागत नाही. मी कधी मारलाच नाही."

"मग मला कशाला नापास केलंस? सगळ्या स्टँडसमोर?"

"तू डबल क्लच मारला असतास ना," तो ग्लासात बघत म्हणाला, "तरी मी डोळे उघडले असते. दुसरं काहीतरी काढलं असतं."

"का?"

"त्या लोकांची तोंडं तुला माहीत नाहीत. बाईमाणसाबद्दल काय काय बोलतात ते मी रोज ऐकतो. माझ्या पोरीला मी त्यात टाकू?"

"ऐकतोस ना रोज? मग कधी एकाचं तरी तोंड बंद केलंस?" माझा आवाज चढला, चहावाला वळून बघायला लागला, बघू दे. "त्यांची तोंडं आवरायची सोडून माझे पाय बांधलेस. वड्याचं तेल वांग्यावर. मला येत नाही म्हणून सांगितलंस, बा. तूच शिकवलंस आणि तूच म्हणालास की हिला येत नाही. 'माझी पोरगी आहे, मला आवडत नाही' असं म्हणाला असतास तर मी भांडले तरी असते. गिअरशी काय भांडू?"

त्याने चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसला. मूग गिळून बसणं त्याला छान जमतं.

डॉक्टरने गुडघ्यातलं पाणी काढलं, सुई टोचली आणि बजावलं की आज या पायाने क्लच दाबायचा नाही. बाने मुकाट्याने चावी माझ्या हातात दिली. परतीला गाडी भरली. बा शेजारी बसला, पाय लांब केला आणि घाटमाथा ओलांडल्यावर डोळे मिटले.

मी गाडी घाटातून उतरवली. रेसचा टेकू, क्लच एकदा, दुसरा गिअर. राग गेला नव्हता, पण गचका एकही बसू दिला नाही. ज्या वळणावर त्याने वसंतात डोळे उघडले होते तिथे मी त्याच्याकडे एकदा बघितलं. पापण्या हलत होत्या. झोपलेल्या माणसाच्या पापण्या मला कळतात, या बापाशेजारी बसून मी मोठी झालेय. तो टक्क जागा होता.

स्टँडवर आलो तर सगळे पुढे सरसावले. हमूकाका खोक्यावरून उठला. बिही सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता, लग्नाचा शीण डोळ्यांत तसाच. हमूकाकाने खिडकीतून आत डोकावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अरे, इद्दर तर गाढ झोपलाय. हिच्या शेजारी. बघा रे बघा."

कुणीतरी म्हणालं, "मग पोरगी पास की."

झालं होतं. हवं ते मिळालं होतं. गप्प बसले असते तर चावी माझी होती, आणि बाचीही इज्जत राहिली असती. पण मला ते चाललं नाही. खोट्या जागेपणाने नापास केलं, आता खोट्या झोपेने पास करणार? झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. मी म्हटलं, बघूच.

"तो झोपलेला नाही," मी म्हणाले. "सगळा घाट जागा होता. बा, उघड डोळे. काय सांगायचं ते उघड्या डोळ्यांनी सांग."

"काय गं हे," हमूकाका म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण."

बाने डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या तोंडांकडे. बिहीने आणखी एक बी फोडली.

"झोपलो नव्हतो," बा म्हणाला. "वसंतातही गचका बसला नव्हता. मी मुद्दाम उठलो."

बिही म्हणाला, "पण मामा, डबल क्लच..."

"ही गाडी आल्यापासून मी मारलेला नाही. तूही मारू नकोस. वळणावर उगाच गाडी मोकळी सोडतोस, मला तुझ्या शेजारी भीती वाटत होती." बाने गुडघा चोळला. "भीतीने डोळे घट्ट मिटून मी घोरायचं सोंग करत होतो. आणि एक. हिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोलला तर माझ्याशी गाठ आहे. हे मी आधीच बोलायला हवं होतं."

हमूकाकाने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. जुन्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. त्यांच्यातले किती जण नव्या गाड्यांत डबल क्लच मारत होते आणि किती जण नुसते चहावर मारत होते, ते देवाला माहीत.

"रकिया," हमूकाका शेवटी म्हणाला, "तुझ्यापुढे रांगेत दोन गाड्या आहेत. पाणी पिऊन घे."

मी बाला उतरायला हात दिला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. "अजून रागावलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि लंगडत चहाकडे गेला. बिहीने बियांचा हात पुढे केला, त्याने दोन घेतल्या.

माझा नंबर आला. गाडी भरली, निघाले. चढाच्या पहिल्या वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकला, क्लच एकदाच दाबून. मागे कुणीतरी घोरायला लागलं होतं. मी आरशात बघितलं नाही. तो खरंच झोपलाय की सोंग घेतोय, हे शोधणं आता माझं काम नव्हतं.