दोनशे बारानंतरचे पान

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. कोटाच्या खिशात मावेन एवढाच. डावीकडे परक्या भाषेतला शब्द आणि उजवीकडे आपल्या भाषेतला अर्थ, एवढाच माझा संसार. आपले अर्थ बरोबर असतील ना, ही धास्ती मला छापखान्यापासून आहे.

माझे मालक वाणिज्य शिकवतात. परदेशात लोक काय पिकवतात, कसे विकतात, कसे राहतात, हे दाखवायला ते दरवर्षी विद्यार्थ्यांना अभ्यासदौऱ्यावर नेतात. माझी शिवण उसवली तेव्हा त्यांनीच मला डिंक लावून दोन दिवस वजनाखाली ठेवले होते. त्या वर्षी विद्यार्थ्यांत त्यांची भाचीही होती.

"मामा, हे बघा ना..."

"दौऱ्यावर मामा नाही. सर म्हणायचं."

"बरं, सरमामा."

मग सगळेच त्यांना सरमामा म्हणू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात न्याहारीचे टेबल डुगडुगत होते. सरांच्या टिपणांवर कॉफी सांडली. त्यांनी मला मधोमध उघडले, न बघता एक पान टरकन फाडले, चौघडी करून टेबलाच्या पायाखाली सारले. भाची पाव आणायला गेली होती. परत आल्यावर तिने विचारले, "टेबल कसं काय सुधारलं?"

"याला व्यवस्थापन म्हणतात," सर म्हणाले. सगळे हसले. माझ्यात मात्र दोनशे बारानंतर एकदम दोनशे पंधरा आले होते.

दुपारी फळांचे गोदाम होते. इथे फळे सहा महिने ताजी राहतात, म्हणून भाव मिळतो, असे गोदामातल्या बाई सांगत होत्या. सर पुढे उभे राहून ते आपल्या भाषेत समजावत होते. भाची मला घेऊन मागे रेंगाळली. शेवटच्या लोखंडी दाराला कमरेएवढ्या उंचीवर एक झडप होती. वर पिवळी पाटी, पाटीवर एकच शब्द.

तिने मला उघडले. पान दोनशे बारा, शेवटची ओळ: '१. रिकामे, मोकळे.' तिने समोरच्या पानावर नजर टाकली. तिथे दुसराच शब्द होता.

"मोकळंच आहे की," ती मैत्रिणीला म्हणाली. "आतून एक फोटो काढते."

'२. (हवेबाबत) प्राणवायू काढून घेतलेले.' हा माझा दुसरा अर्थ तेव्हा टेबलाच्या पायाखाली होता.

तिने झडप उघडून डोके आत घातले. वास नाही, आवाज नाही. दोन श्वासांत तिचे गुडघे दुमडले. मैत्रीण किंचाळली. बाई धावत आल्या आणि पिशवीच्या पट्ट्याला धरून त्यांनी तिला मागे ओढले. ती फरशीवर राखेच्या रंगाची होऊन पडली होती, शेजारी मी. तिला खोकला यायला फार वेळ लागला.

दवाखान्यात सरांनी मला उघडले. दोनशे बारा. फाटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले.

"माझंच चुकलं हो, मामा," भाची म्हणाली. "मी अर्धवट वाचलं."

सरांनी मला मिटले. "पड जरा," एवढेच म्हणाले. मामा म्हटल्याबद्दल त्यांनी तिला टोकले नाही.

भाची आता साधी पाटीसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेते. स्वतःच्या वाचण्यावर तिचा भरवसा राहिलेला नाही. सरांनी तिला अजून काही सांगितलेले नाही.

मित्रांनो, पान फाडू नका, असे मी म्हणणारच. पण फाडलेच, तर तिथे निदान एवढे लिहून ठेवा, की इथे एक पान होते. माझ्या समासात अजून कोणी काही लिहिलेले नाही. मी कोटाच्या खिशात आहे. नवे वीस विद्यार्थी, तेच हॉटेल, तेच गोदाम. उद्या सकाळी निघायचे आहे.