टेपवरचा नवरा

बाहुल्यांचा खेळ तसा नवरा-बायकोचाच. पडद्यामागे तो बोलायचा आणि ती दोरे ओढायची. भांडकुदळ बाहुलीचं बोलणं तेवढं तिच्या वाट्याला. लोक म्हणायचे, घरचं भांडण उरलं की ही दोघं ते गावोगाव वाटत फिरतात. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

घशाचं दुखणं बळावलं तेव्हा नवऱ्याने आपला सगळा भाग टेपवर भरून ठेवला. बाहुलीच्या उत्तरांपुरत्या जागा मोकळ्या सोडल्या. मग तो गेला.

ढोल वाजवणारा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, मी बोलतो की. मला सगळं तोंडपाठ आहे."

"तुमचा आवाज म्हणजे गंजलेली कडी, भाऊजी," तिने उडवून लावलं. खरं कारण वेगळंच होतं. संध्याकाळी तासभर का होईना, नवरा तिच्याशी बोलत होता. त्या तासाच्या जिवावर तिचा उरलेला दिवस निघायचा.

डोंगरापलीकडच्या वस्तीवर गाडी कशीबशी पोचली. माणसं मूठभर, पण झाडून सगळी आलेली. खेळ ऐन रंगात असताना वाऱ्याने बाहुलीचा दोरा बाहुल्याच्या दोऱ्यांत गुंतला. असं झालं की ती खाकरायची आणि गुंता सुटेपर्यंत नवरा सासऱ्याच्या टकलापासून शेजाऱ्याच्या गाढवापर्यंत वाट्टेल ते पाल्हाळ लावायचा. आताही ती सवयीने खाकरली आणि निवांत गाठ सोडवायला लागली.

टेपवरच्या बाहुल्याने विचारलं, "घर सोडून गेलो तर रडशील का गं?"

तिचं उत्तर ठरलेलं होतं: आधी जाऊन तर दाखवा. पण मोकळी जागा तशीच सरकून गेली. न दिलेल्या उत्तरावर नवरा खदखदून हसला आणि पुढे बोलत सुटला. ती पुन्हा खाकरली, जरा मोठ्याने. तो थांबला नाही. समोरची माणसं हसून लोळायला लागली. त्यांना वाटलं, बायको रुसलीय.

तिचे हात गाठीवरच राहिले. त्याला पोचवून आल्यावरही तो गेलाय हे तिला पटलं नव्हतं. आत्ता पटलं. ती चुकली आणि त्याने सावरून घेतलं नाही, असं आजवर कधी झालंच नव्हतं.

दीर पडद्याआड डोकावला. "वहिनी, टेप बंद करू?"

"करा," ती म्हणाली. "आणि तुम्ही बोला."

"पण माझा आवाज..."

"असू दे. मी खाकरले तर सावरून घ्याल ना? तेवढं पुरे."