खिडकीतली आमा

आमच्या घरात पाहुण्याचा पेला रिकामा राहत नाही. एक घोट घेतला की आबा, माझे वडील, लगेच भरतात. पाहुण्यानं हात आडवा धरला, तोंड वाकडं केलं, तरी लोणी-मिठाचा चहा पेल्यात पडणारच. आधी हे काम आमाचं, माझ्या आईचं होतं. हिवाळ्यात ती गेली आणि आबांनी तिची किटली उचलली.

मुक्कामाला आलेली शहरातली बाई त्या दिवशी फिरून परतली ती खुशीत. चुलीजवळ बसली, आबांनी भरलेला पेला बाजूला सारला आणि पिशवीतून बोटभर उंचीचा मातीचा स्तूप काढून खिडकीत ठेवला.

"कसला गोड आहे ना! वरच्या त्या मोठ्या स्तूपाच्या, छोर्तेनच्या कोनाड्यात असे नुसते पडलेत. दिवाणखान्यात बुद्धाशेजारी मांडीन."

मी कणीक मळत होते. हात तिथंच थांबले. स्तूपाच्या बुडाशी जवाचा दाणा होता आणि शेजारी माझ्या अंगठ्याचा ठसा. साच्यातून काढताना मीच घाईनं दाबला होता, लामा ओरडलेही होते.

"मॅडम, तो परत द्या."

"अगं, ढिगानं आहेत तिथं. एकानं काय बिघडतं?"

"ती माझी आई आहे!"

ती हसली. "किती छान बोलता तुम्ही लोक! माती आई, नदी आई..."

माझं टाळकंच सरकलं. "बोलायची रीत नाही ती! जाळल्यावर उरलेली तिची हाडं कुटून या मातीत मळलीत आम्ही!"

तिचा चेहरा उतरला. वाटलं, आता तरी हात जोडेल. तर तिनं हात अंगापासून लांब धरले. "शी! आधी सांगायचं नाही? पिशवीत माझा खाऊ होता! गरम पाणी द्या. साबण कुठंय?"

चोरी मी एकवेळ गिळली असती. पण शी? जिच्या हातचं खाऊन हे गाव मोठं झालं, तिला शी? आणि आधी काय सांगायचं? दुसऱ्याच्या देवाच्या दारातलं उचलू नये, हे?

"नदी आहे खाली," मी म्हणाले. "तिथं धुवा."

"कुनझेस!" आबा मला दटावत उठले. झालं, आता हे वाकणार. जन्मभर वाकत आलेत. पाहुण्यांनी मंत्र कोरलेल्या भिंतीला उलट्या बाजूनं गाड्या घातल्या, तरी 'त्यांना काय ठाऊक' म्हणणारा माणूस. बायकोची राख धुवायलाही पाणी घालणार आणि मी ते बघायचं!

आबांनी खरंच पाणी घातलं, तिचं समाधान होईपर्यंत. मग तिचा भरलेला पेला उचलला, दाराबाहेर रिता केला आणि तिच्यासमोर पालथा ठेवला. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

"बाई, खालच्या गावात खोली मिळेल," ते म्हणाले. "अजून उजेड आहे."

ती बडबडत सामान भरू लागली. आबांनी खिडकीतून आमाला उचललं, कपाळाला लावलं आणि चुलीजवळच्या तिच्या जागेवर ठेवलं. फडताळातून तिचा पेला काढून काठोकाठ भरला.

"आलीच आहेस, तर चहा घेऊन जा," ते म्हणाले. "मग सोडतो तुला वर."